सवलत आमच्या नावावर, हिशेब कोणाकडे?



डिझेल वाढले आणि सवलतींची चर्चा निघाली की दोन आवाज एकदम उठतात. शहरातले अर्थपंडित म्हणतात, शेतकऱ्याला फुकट वीज देऊन तिजोरी रिकामी झाली. सरकार म्हणते, फुकट वीज दिली, आता आणखी काय पाहिजे? एकजण हिणवतो, दुसरा उपकार सांगतो, आणि दोघे दाखवतात तो आकडा एकच. तो आकडा मोजला कोणी, एवढाच प्रश्न कळसच्या बैठकीपुढे आम्ही ठेवत आहोत.

आधी डिझेलचे बघू. २०१४ च्या मध्यावर केंद्राचे डिझेलवरचे उत्पादन शुल्क लिटरला ३ रुपये ५६ पैसे होते. एप्रिल २०२० मध्ये कच्चे तेल पिंपाला २० डॉलरच्या आसपास कोसळले. ती स्वस्ताई आपल्या ट्रॅक्टरच्या टाकीपर्यंत आली का? नाही. मे २०२० मध्ये केंद्राने शुल्क एकदम १३ रुपयांनी वाढवून ३१ रुपये ८३ पैशांवर नेले. पुढे दोनदा कपात झाली, तरी मे २०२२ मध्ये ते १५ रुपये ८० पैसे होते, म्हणजे २०१४ च्या चौपटीहून जास्त. राज्याचा व्हॅट त्यावर वेगळा.

एकरभर उसाच्या रानाला नांगरट, रोटर आणि सरी मिळून २५ लिटर डिझेल धरा. मे २०२० च्या दराने त्यात नुसते केंद्राचे शुल्क झाले ७९६ रुपये. रान तयार होण्याआधीच सरकारचा वाटा वसूल! कारखानदार डिझेलची वाढ मालाच्या किमतीत घालतो. आपण कुठे घालायची? उसाची एफआरपी दिल्लीत ठरते आणि तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते. ऊस भवानीनगरला जावो की बिजवडीला, वाहतुकीच्या डिझेलचा भार शेवटी उसाच्या बिलातच उतरतो. आपण तिजोरीत भरतो त्या पैशाची चर्चा कोणी करत नाही.

आता विजेकडे या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस शेतीपंपांना अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाली आणि मीटरची गरज संपली. मीटर नाही, तर पंपाने किती वीज ओढली हे ठरते अंदाजाने. पाच अश्वशक्तीचा पंप पूर्ण भाराने तासाला ३.७३ युनिट घेतो. रोज एकच तास जादा धरला तर एका पंपामागे वर्षाला १,३६१ युनिट कागदावर वाढतात. तारांतली गळती आणि आकडे टाकून होणारी चोरी अशा अंदाजात सहज मुरते, आणि नाव लागते शेतकऱ्याचे. ही आमची कल्पना नाही. मार्च २०२० च्या वीजदर आदेशात राज्य वीज नियामक आयोगानेच महावितरणने दाखवलेला शेतीचा वापर कमी केला. तसा गळतीचा आकडा वाढला.

जुलै २०२४ मध्ये शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे मोफत विजेचा आदेश काढला. वर्षाचा खर्च सांगितला सुमारे १४,७६० कोटी. हे पैसे शेतकऱ्याच्या हाती येत नाहीत. ते महावितरणला जातात. आणि फुकटाचा भरवसा किती? २००४ च्या निवडणुकीआधीही फुकट विजेची घोषणा झाली होती. २००५ मध्ये ती गुंडाळली.

बिल शून्य झाले, पण आपला खर्च शून्य झाला का? कमी दाबाने मोटर जळते, तिच्या रिवाइंडिंगचे पैसे आपण देतो. डीपी जळली की उभे पीक वाळते, ते नुकसान आपण सोसतो. रात्रीच्या पाळीला विंचूकाट्यात दारे धरायला आपणच जातो. आणि तक्रार घेऊन गेलो तर ऐकायचे काय? ‘फुकटच तर आहे!’

फुकट विजेने पाण्याची नासाडी होते, असे शहाणे सांगतात. पाण्याचा उपसा बेसुमार आहे, हे शेतीशास्त्र शिकलेले आम्हीही नाकारत नाही. पण घराघरात ऑटो स्विच का बसला? वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नाही म्हणून. मध्यरात्री वीज येते, पंप आपोआप सुरू होतो आणि सकाळपर्यंत सरी तुंबते. वेळेवर, दिवसा आणि पूर्ण दाबाने वीज द्या, मग ठिबकवाला शेतकरी थेंब मोजून पाणी देईल.

म्हणून आमच्या मागण्या चार:

१. प्रत्येक शेती फीडरचे आणि डीपीचे मीटर वाचन दरमहा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.
२. दिवसा सलग आठ तास वीज द्या. जितके तास कमी, तितके सरकारी अनुदान महावितरणला कमी द्या.
३. जळालेली डीपी ठरल्या मुदतीत बदला, नाहीतर पिकाची भरपाई द्या.
४. शेतीच्या डिझेलवरचा केंद्राचा आणि राज्याचा कर एकरी हिशेबाने कसणाऱ्याला परत करा.

मागण्या नुसत्या कागदावर ठेवून चालणार नाही. आजपासून प्रत्येक डीपीवर एक वही ठेवा. वीज कधी आली, कधी गेली, दाब किती, डीपी किती दिवस बंद, सगळे तारखेसह लिहा आणि खाली डीपीवरच्या सगळ्यांच्या सह्या घ्या. पुढच्या जिल्हा बैठकीला भाषणे कमी झाली तरी चालतील, वह्या आल्या पाहिजेत. त्यांच्याकडे अंदाज आहे. आपण मोजमाप घेऊन जाऊ.