विश्लेषण : चॅटबॉटला रोज नव्याने काय सांगायचे? प्रॉम्प्टचा ‘साचा’ कधी उपयोगी, कधी धोक्याचा?

सप्टेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर साडीतल्या फोटोंची लाट आली होती. गुगलच्या जेमिनाय ॲपमध्ये स्वतःचा फोटो टाकायचा, कुठून तरी फॉरवर्ड होऊन आलेला इंग्रजी परिच्छेद चिकटवायचा, की जुन्या सिनेमाच्या पोस्टरसारखे छायाचित्र तयार. परिच्छेद सगळ्यांचा एकच, बदलायचा तो फक्त फोटो. ज्यांनी हे केले त्यांनी ‘प्रॉम्प्ट टेम्प्लेट’ वापरले होते, फक्त त्याला असे काही नाव आहे हे कुणी सांगितले नव्हते.

त्याच सुमारास एआय साधने रिचार्जबरोबर येऊ लागली. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या ३६ कोटी ग्राहकांसाठी पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर मोफत जाहीर केले. ऑक्टोबरअखेर जिओने पात्र ग्राहकांना जेमिनाय प्रो १८ महिन्यांसाठी देऊ केले आणि ४ नोव्हेंबरपासून ओपनएआयने चॅटजीपीटी गो भारतात एक वर्ष मोफत केले. साधन खिशात आले. पण फोटोच्या पलीकडे अर्ज, पत्र, अहवाल अशी कामे करून घेताना बहुतेकांची तक्रार सारखीच असते : काल छान उत्तर आले, आज त्याच कामाला भलतेच काहीतरी आले. प्रॉम्प्टचा साचा ही तक्रार बरीच कमी करतो. मात्र एक नवी अडचणही तयार करतो.

साचा म्हणजे नेमके काय?

तहसील कचेरीबाहेर मिळणारा छापील अर्ज आठवा. ‘मी, खाली सही करणार, राहणार’ हा मजकूर छापलेला आणि नाव-गावाच्या जागा कोऱ्या. प्रॉम्प्टचा साचा म्हणजे तेच. दरवेळी तशाच राहणाऱ्या सूचना एकदा नीट लिहून ठेवायच्या आणि बदलणाऱ्या गोष्टींसाठी चौकोनी कंसात जागा सोडायची. नवा संवाद उघडला की आपण कुठले, काम कशासाठी, उत्तर किती लांबीचे हवे हे चॅटबॉटला सहसा पुन्हा सांगावे लागते. आणि घाईत आपण नेमके तेच सांगायला विसरतो. साच्याचा खरा फायदा हा विसराळूपणा टाळण्यात आहे. त्यातल्या शब्दांत काही जादू नसते.

माहिती अधिकाराच्या अर्जात काय फरक पडतो?

समजा, गल्लीतला रस्ता वर्षभरात उखडला. ‘आमच्या रस्त्याबद्दल आरटीआय अर्ज लिहून दे’ असे चॅटबॉटला सांगितले, तर बहुधा दीड पानांचा नम्र अर्ज येतो. त्यात ‘रस्ता इतक्या लवकर का खराब झाला?’, ‘याला जबाबदार कोण?’, ‘कारवाई का झाली नाही?’ असे प्रश्न असतात. वाचायला अर्ज दमदार वाटतो. पण महाराष्ट्रात तो अडकू शकतो.

कारण राज्याच्या नियमांत २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अर्ज एकाच विषयाशी संबंधित आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो. केंद्र सरकारच्या नियमांत हीच मर्यादा ५०० शब्दांची आहे. राज्यात अर्जाचा नमुना ‘जोडपत्र अ’ म्हणून ठरलेला आहे आणि शुल्क १० रुपये आहे. दुसरी गोष्ट, ‘का’ या प्रश्नाचे उत्तर देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. माहिती म्हणजे दप्तरी असलेली नोंद. एखादी गोष्ट का केली वा का केली नाही याचे स्पष्टीकरण त्यात येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे. चुकीचा अर्ज गेला तर उत्तरासाठीचे ३० दिवस हातचे जातात. मग पहिले अपील, त्याच्या निकालासाठी आणखी ३० ते ४५ दिवस. तोवर पावसाळा येतो, ठेकेदार खड्ड्यांवर मुरूम टाकून मोकळा होतो आणि मूळ कामाचा माग काढणे अवघड होते.

आता हाच अर्ज साच्यातून मागू :

‘महाराष्ट्रातील कार्यालयाकडे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६(१) खाली मराठीत अर्जाचा मसुदा कर. कार्यालय : [ ]. विषय एकच : [रस्ता, कुठून कुठपर्यंत]. कालावधी : [पासून-पर्यंत]. हवी असलेली कागदपत्रे : [कार्यादेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकातील नोंदी, अदा केलेली देयके, दोषदायित्व कालावधीची अट]. अर्ज १५० शब्दांच्या आत ठेव. ‘का’ आणि ‘जबाबदार कोण’ असे प्रश्न नकोत, फक्त नोंदींच्या प्रती माग. मी न दिलेली तारीख, रक्कम, नाव किंवा कलम स्वतःहून भरू नकोस. तिथे [भरा] असे लिही. शेवटी कोरे राहिलेले रकाने वेगळे सांग.’

यात भारी इंग्रजी नाही, की ‘प्रॉम्प्ट इंजिनीअरिंग’ नाही. आरटीआयचा अनुभव असलेला शेजारी जे चार प्रश्न विचारेल, तेच लिहून ठेवले आहेत. पुढच्या महिन्यात पथदिव्यांबद्दल अर्ज करायचा तर फक्त कंसातला मजकूर बदलतो. मसुदा अधिक नेमका होतो तो चॅटबॉट हुशार झाल्यामुळे नव्हे, तर आपण त्याच्यासाठी अंदाज बांधायला जागाच ठेवली नाही म्हणून.

मांडणी बदलली की उत्तर का बदलते?

ही प्रणाली आधीच्या मजकुरावरून पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज करत जाते. त्यामुळे मोघम विचारले की सर्वसाधारण, सगळीकडे थोडेफार लागू पडेल असे उत्तर मिळते. मांडणीचा परिणाम किती होतो, याबद्दल वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्नाचा अर्थ तोच ठेवून त्यांनी फक्त विरामचिन्हे, मोकळ्या जागा अशी मांडणी बदलली. लामा-२ मालिकेतील एका मॉडेलच्या अचूकतेत त्यामुळे कमाल ७६ टक्के-गुणांपर्यंत फरक दिसला. नवी मॉडेल्स सुधारली आहेत, पण एकदा नीट चाललेली मांडणी जपून ठेवावी, असे म्हणण्यामागे हे कारण आहे.

याहून उपयोगी युक्ती म्हणजे नमुना देणे. ओपनएआयच्या २०२० मधील जीपीटी-३ विषयीच्या शोधनिबंधाचा मुख्य मुद्दाच तो होता : दोन-चार उदाहरणे समोर ठेवली की मॉडेल वेगळे प्रशिक्षण न घेताही तशा प्रकारचे काम करते. पूर्वी मंजूर झालेला एखादा अर्ज असेल तर त्यातले नाव-पत्ता काढून तो साच्यात ‘असा हवा’ म्हणून जोडा. दहा ओळींच्या वर्णनापेक्षा तो जास्त काम करतो.

‘तू ३० वर्षांचा अनुभवी वकील आहेस’ याचा उपयोग होतो का?

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘हजार प्रॉम्प्ट’छाप पीडीएफमधले निम्मे प्रॉम्प्ट या वाक्याने सुरू होतात. भाषेचा सूर बदलायला ते चालते. पण तथ्यांचे काय? १६२ वेगवेगळ्या भूमिका देऊन २,४१० वस्तुनिष्ठ प्रश्नांवर काही संशोधकांनी चाचणी घेतली. भूमिका दिल्यामुळे अचूकता सुधारत असल्याचे त्यांना आढळले नाही. वकील म्हटल्याने चॅटबॉट वकिलासारखा बोलू लागतो, एवढेच. अशी पीडीएफ विकत घेऊ नका, हे माझे मत. दुसऱ्याच्या साच्यात दुसऱ्याच्याच गरजा असतात.

साचा मराठीत असावा की इंग्रजीत?

मजकुराचे तुकडे पाडून मॉडेल तो वाचते. पूर्वी मराठीचे तुकडे फार पडत. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना ओपनएआयने दिलेल्या उदाहरणात तोच मराठी मजकूर ९६ तुकड्यांऐवजी ३३ मध्ये बसला. त्यामुळे आता मराठीत लिहायला हरकत नाही. अडचण वेगळीच आहे. चॅटबॉटची मराठी अधूनमधून हिंदीकडे झुकते : ‘अर्ज’ऐवजी ‘आवेदन’, ‘माहिती’च्या अर्थाने ‘सूचना’. कार्यालयीन पत्रात हे विचित्र दिसते. साच्यातच ‘आवेदन नको, अर्ज लिही’ अशी चार-पाच शब्दांची यादी टाकली की रोजची दुरुस्ती वाचते.

मग धोका कुठे आहे?

हा मुद्दा मी अनुभवावरून लिहितो आहे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात धरणांच्या साठ्याची बातमी पावसाळ्यात रोज करावी लागते. त्यासाठी मी एक साचा बनवला होता : आजचा साठा, कालचा साठा, गेल्या वर्षी याच दिवशीचा साठा. दोन आठवडे काम झकास चालले. एके दिवशी गेल्या वर्षीचा आकडा चिकटवायचा राहिला. उत्तरात मात्र तो होता, अगदी दशांश चिन्हासह. बातमी नेहमीसारखीच दिसत होती आणि मीही नेहमीसारखीच पुढे पाठवली. शेजारी बसणाऱ्या ज्येष्ठ उपसंपादक मॅडमनी आदल्या दिवशीचा अंक उघडून विचारले, ‘एका रात्रीत गेल्या वर्षीचं पाणी कसं वाढलं रे?’ आकडा छापला गेला नाही. पण त्याआधीच्या चौदा बातम्या मी त्या रात्री पुन्हा तपासल्या.

साच्याविना आलेले ओबडधोबड उत्तर आपण सावधपणे वाचतो. साच्यातून आलेले उत्तर रोजच्यासारखे दिसते म्हणून नजर त्यावरून घसरते. आणि कोरा रकाना दिसला की तो भरणे हा या प्रणालीचा स्वभाव आहे. ‘स्वतःहून भरू नकोस’ ही ओळ वरच्या साच्यात त्यासाठीच आहे. तिने धोका कमी होतो, संपत नाही.

हे सरकारी कामातही घडू शकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक आकारणी आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयच्या काळात यंत्राने दिलेल्या निकालांवर डोळे झाकून विसंबू नये, ते पडताळून घ्यावेत, असे न्यायालयाने बजावले. अमेरिकेत २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने चॅटजीपीटीने रचलेले खटले सादर केल्याबद्दल वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड केला होता. म्हणून आरटीआयच्या साच्यातले कलम आणि शब्दमर्यादा आपण स्वतः तपासून लिहायची, चॅटबॉटला विचारून नव्हे. नियम बदलू शकतात, तेव्हा साच्याच्या डोक्यावर ‘शेवटचे तपासले’ अशी तारीखही टाकावी.

साचा ठेवायचा कुठे?

फोनमधल्या नोट्समध्ये किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवला तरी पुरे. चॅटजीपीटीत ‘कस्टम इन्स्ट्रक्शन्स’ आणि जेमिनायमध्ये ‘जेम्स’ अशा कायमच्या सूचनांच्या सोयीही आहेत. मात्र आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइल क्रमांक, घरच्यांचे वैद्यकीय तपशील साच्यात कायमचे भरून ठेवू नका. साचा लोक कौतुकाने ग्रुपवर टाकतात आणि त्याबरोबर हे सगळे जाते. आरटीआय अर्जावर पत्ता लागतोच, तर तो मसुदा उतरवून घेतल्यावर स्वतःच्या हाताने लिहावा.

आणि १५० शब्दांची मर्यादा चॅटबॉटने पाळली असे त्याने सांगितले तरी मोजून पाहा. शब्द मोजण्यात तो कच्चा आहे. मसुदा गुगल डॉक्समध्ये चिकटवला की शब्दसंख्या लगेच कळते.