आधी थर्मोस्टॅट, मग साप

अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली भारतीय अजगराची मादी हवा गार झाली की अंगाला ठराविक लयीत झटके देऊ लागते. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात अशा एका मादीवर झालेला अभ्यास १९६६ साली प्रसिद्ध झाला. भोवतालची हवा जसजशी थंड होत गेली तसतसे स्नायूंचे हे झटके वाढत गेले आणि वेटोळ्यातले तापमान हवेपेक्षा चार अंशांहून अधिक वर राहिले. हवा उबदार झाली की झटके मंदावत. एरवी साप स्वतःची ऊब स्वतः तयार करत नाही, बाहेरच्या उबेवर जगतो. अजगराची मादी हा अपवाद, पण या अपवादाला जे कळते ते घरात साप पाळणाऱ्या पुष्कळांना कळलेले नसते. भोवतालची हवा बदलली की द्यायची उष्णताही बदलावी लागते. साप पाळण्याचा छंद मोठ्या शहरांतून आता इंदूरसारख्या ठिकाणी उतरतो आहे. तेव्हा स्पष्टच सांगितले पाहिजे: सापाच्या प्लास्टिक डब्याखाली थर्मोस्टॅटशिवाय हीटिंग मॅट लावणे हा निष्काळजीपणा आहे, आणि थर्मोस्टॅटचा खर्च झेपत नसेल तर साप आणू नये.

इंदूरच्या हवेत ही गोष्ट अधिकच टोचते. शब-ए-मालवा म्हणून ज्या रात्रींचे कौतुक होते, त्या मालव्याच्या साडेपाचशे मीटर उंचीच्या पठारावरच्या रात्री आहेत. जानेवारीत दुपारी पंचवीस-सव्वीस अंश असणारा पारा पहाटे दहाच्या आसपास येतो, थंडीची लाट आली तर आणखी खाली. घराच्या आत हा फरक थोडा बोथट होतो एवढेच. आता मॅटचे गणित पाहा. ठराविक वॉटची मॅट डब्याचे तापमान एखाद्या ठरलेल्या आकड्यावर नेऊन ठेवत नाही. ती खोलीच्या तापमानात साधारण ठरलेली भर घालते. समजा, पहाटे खोलीत १४ अंश असताना मॅटवरची जागा ३१ अंशांवर आली, म्हणजे भर १७ अंशांची. बॉल पायथन या पाळीव सापाला उबदार कोपऱ्यात ३१ ते ३३ अंश लागतात, म्हणून मालक निश्चिंत होतो. दुपारी खोली २४ अंशांवर जाते आणि तीच जागा ४१ अंशांवर. मॅट एप्रिलपर्यंत तशीच चालू राहिली आणि खोली ३४ अंशांवर गेली, तर हिशेब ५१ वर पोचतो. मॅट बिघडलेली नाही, मालकाने काही बदललेले नाही, तरी साप भाजतो.

साप भाजू लागला तर सरकणार नाही का, हा पहिला आक्षेप. पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, अंधारात उंदराची ऊब त्याला दुरून जाणवते, मग पोटाखालची आग जाणवणार नाही? प्रश्न रास्त आहे, पण वस्तुस्थिती त्याच्या बाजूने नाही. खालून मिळणाऱ्या अति उष्णतेपासून साप वेळेवर बाजूला होतोच असे नाही. पाळीव सापांच्या पोटाच्या खवल्यांवरच्या भाजल्याच्या जखमा पशुवैद्यांना नव्या नाहीत. शिवाय सरकायला जागा तर हवी! लहानशा डब्याच्या सगळ्या तळाखाली मॅट असेल तर जाणार कुठे? म्हणून मॅट तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच ठेवायची आणि दुसरे टोक २५-२६ अंशांवर गार ठेवायचे. गार कोपरा म्हणजे सापाला दिलेली मोकळीक. नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीत कोंडलेला नाग पाहून आपण हळहळतो. पळवाट नसलेला प्लास्टिकचा डबा त्या टोपलीहून फारसा वेगळा नाही, फक्त त्याला वायर जोडलेली असते.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: रानातल्या धामणीला कुठे हीटर असतो? नसतो, कारण तिला बीळ असते. जमिनीत खोलवर दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ पोचत नाही. वारुळात, उंदराच्या बिळात, दगडाच्या कपारीत ती थंडी काढते आणि ऊन पडले की बाहेर येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती मालव्याची आहे. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, त्याला मालव्यातली पौषातली पहाट ठाऊक नाही. ऊब कमी पडली की सापाचे पचन मंदावते, गिळलेला उंदीर पोटात सडू लागतो, साप तो ओकून टाकतो, पुढे श्वसनमार्गाचा संसर्गही होऊ शकतो. म्हणजे मॅट काढून टाकणे हाही उपाय नव्हे. (धामण, नाग, घोणस, मांडूळ, अजगर घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग डबा कितीही सुरक्षित असो. बॉल पायथनची नोंदणीही २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर करावी लागते.)

आता प्लास्टिकचे. घरोघरी मिळणारे साठवणीचे डबे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात, तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा दिसतो. हे प्लास्टिक उष्णता बऱ्यापैकी सोसते. कडक, काचेसारखे पारदर्शक, दाबले की तडकणारे पॉलिस्टायरीन त्या मानाने कच्चे. पण प्लास्टिक कोणते यापेक्षा उष्णता कुठे अडते ते पाहायला हवे. डब्यात भुश्श्याचा किंवा नारळाच्या काथ्याचा जाड थर घातला की वर गार लागते आणि खाली मॅट तापत राहते. मालकाला वाटते ऊब कमी पडते. साप मात्र थर उकरून थेट तापलेल्या तळावर जाऊन बसतो. डबा गादीवर किंवा सतरंजीवर टेकवला तरी उष्णता तशीच कोंडते. तळाखाली हवा खेळायला फट हवी आणि आतला थर पातळ हवा. सिरॅमिकचा उष्णता देणारा बल्ब तर प्लास्टिकच्या डब्यात नकोच, त्याचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या वर जाऊ शकतो.

थर्मोस्टॅट घेतला म्हणजे संपले असेही नाही, आणि इथे ‘थर्मोस्टॅटही चुकतो’ असा आक्षेप घेणाऱ्यांचे अर्धे म्हणणे खरे आहे. थर्मोस्टॅटचा तापमान टिपणारा प्रोब डब्यात सुटा ठेवला आणि सापाने तो गार कोपऱ्यात ढकलला, तर थर्मोस्टॅटला सगळे थंडच वाटते आणि मॅट बंद होत नाही. म्हणून प्रोब मॅट आणि डब्याच्या तळाच्या मध्ये पक्का चिकटवायचा आणि आत, साप बसतो त्या जागी, वेगळा थर्मामीटर ठेवायचा. स्वस्त थर्मोस्टॅटमधला रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा खटका, चालू अवस्थेतच चिकटून बसू शकतो, त्यामुळे मॅट गरजेपुरत्याच वॉटची घ्यावी. पण उपकरण बिघडू शकते म्हणून ते लावूच नये, हा तर्क आपण घरात दुसरीकडे कुठे चालवतो? गीझरला थर्मोस्टॅट असतो, तो चुकला तर वीज तोडणारा वेगळा कट-आउट असतो. इस्त्रीलाही थर्मोस्टॅट असतो. पाणी आणि कपडे तापवताना आपण जी काळजी घेतो, ती जिवंत प्राण्याखालच्या मॅटला नको?

खर्चाचा बाऊ फार केला जातो. पंधरा वॉटची मॅट महिनाभर अखंड चालली तरी अकरा युनिटच्या आत वीज लागते, आणि थर्मोस्टॅट ती अखंड चालू देत नाहीच. इंदूरमध्ये नवलख्याच्या कमला नेहरू प्राणिसंग्रहालयातल्या सापांची देखभाल करायला नेमलेली माणसे असतात. घरच्या डब्याकडे रात्री दोन वाजता कोणी पाहत नाही, तिथे पाहणारा थर्मोस्टॅटचा हा खटकाच. वीज गेली तर डब्यावर गोधडी टाकावी, हवेची भोके मोकळी ठेवावीत आणि गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून डब्याच्या बाहेरून लावावी. मे महिन्यात मात्र थर्मोस्टॅटही हात टेकतो, तो मॅट बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. पत्र्याखालच्या खोलीत राहणाऱ्याने साप पाळण्याचा विचार सोडून द्यावा.

ज्यांना पाळायचाच आहे त्यांनी डबा, मॅट आणि थर्मोस्टॅट आधी आणावेत आणि रिकामा डबा जानेवारीचा एक आठवडा चालवून पाहावा. पहाटे पाचला आणि दुपारी तीनला दोन्ही टोकांचे तापमान वहीत लिहावे. आकडे सात दिवस जागेवर राहिले तरच साप घरी आणावा.