गर्दीचे निमित्त

संकेतस्थळ उघडण्यास विलंब झाला की दोष गर्दीला दिला जातो, नाही तर वापरणाऱ्याच्या हातातील स्वस्त फोनला. माणसे फार झाली, हे कारण रेशनपासून रेल्वेपर्यंत प्रत्येक टंचाईत पुढे करण्यात आले. नेटवर्कच्या कोंडीलाही तेच चिकटवले गेले आहे.

या कोंडीचा इतिहास मात्र निराळे सांगतो. ऑक्टोबर 1986 मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधील संदेशवहन सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळले. अंतर अवघे 400 यार्ड. तारा तुटल्या नव्हत्या. पोच आली नाही की प्रत्येक संगणक तोच मजकूर पुन्हा पाठवी आणि त्यानेच वाट अधिक तुंबे. व्हॅन जेकबसन व मायकेल कॅरल्स यांनी काढलेला तोडगा असा: मजकूर गहाळ होऊ लागला की प्रत्येक संगणकाने आपला वेग आपणच घटवावा, मग बेताने वाढवावा. टोलनाका बसला नाही, पहारेकरी नेमला गेला नाही. 1988 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि सर्वांना मोकळी मिळाली. मुक्त बाजारपेठेचे भाट ही कथा सहसा सांगत नाहीत, हे ओघानेच आले.

पुढची कोंडी वेगळ्या जातीची. 2013 च्या अखेरीस अमेरिकेत कॉमकास्टच्या ग्राहकांकडे नेटफ्लिक्सचे चित्रपट अडखळू लागले. दोन जाळी जेथे जोडली जातात त्या सांध्यावर क्षमता अपुरी होती आणि ती वाढवण्याचा खर्च कोणी करायचा यावर तंटा होता. फेब्रुवारी 2014 मध्ये नेटफ्लिक्सने पैसे देण्याचे मान्य केले, वेग सुधारला. दोन धनाढ्यांच्या या भांडणात बाजू घेण्याचे कारण नाही. पण दोघांनाही दरमहा पैसे भरणारा ग्राहक तेवढे महिने ओलीस होता. भारतातील दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेनेही बड्या संकेतस्थळांकडून असाच वाटा मागितला आहे. ज्या डेटाचे पैसे ग्राहकाने आधीच मोजले, त्याचेच मोल दुसऱ्या टोकाकडूनही वसूल करायचे!

आणि वाहून येते तरी काय? 2010 च्या सुमारास सर्वसाधारण पान अर्ध्या मेगाबाइटच्या आसपास असे. आता ते दोन मेगाबाइटांहून जड आहे. वाढलेले वजन शब्दांचे नव्हे. चित्रे आहेत, आणि स्क्रिप्टांचा भार आहे. त्यांतील कित्येक वाचकाचा माग काढतात, कित्येक पान उघडताच त्याच्या नजरेचा जाहिरातदारांपुढे लिलाव मांडतात. ही हमाली करतो वाचकाचाच फोन. महागड्या फोनवर ती चटकन उरकते. पाच-सात हजारांच्या फोनवर पडदा कोरा राहतो, फोन तापतो, बॅटरी उतरते. कांद्याचा भाव पाहू निघालेल्या शेतकऱ्याच्या रोजच्या डेटातून आधी कापली जाते ती जाहिरात.