मायेची ऊब म्हणे!

मैत्रिणींनो, गोधडीवर कुणी बोलू लागले की पहिल्याच वाक्यात ‘मायेची ऊब’ येते. शहरातल्या प्रदर्शनांत गोधडीला गोष्टीची चिठ्ठी लावतात: हा तुकडा आजीच्या लुगड्याचा, हा पहिल्या बाळंतपणातल्या साडीचा. गोष्टीने किंमत वाढते. वाढलेली किंमत कुणाच्या पदरात पडते, ते चिठ्ठीवर नसते.

वाशिम, रिसोड, मानोऱ्याकडच्या खेड्यांत गोधडी शिवली गेली ती गरजेपोटी. माणसे जास्त, पांघरुणे कमी. शेतातली कामे सरली की उन्हाळ्याच्या दुपारी बाई धोतर अंथरते, त्यावर विटके तुकडे रचते, कोपऱ्यांवर दगड ठेवते आणि काठाकडून मध्याकडे धावदोरा घालत सरकते. मान आखडते, कंबर धरते, बोटांना सुई टोचते. याला काम कुणी म्हणत नाही. ‘बसल्या बसल्या शिवली’ म्हणतात! २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात असे निघाले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७. त्या २९९ मिनिटांनंतर, आणि शेतातल्या मजुरीनंतर, जे उरते त्याला आपल्याकडे फावला वेळ हे नाव आहे.

आणि गोष्टींचे म्हणाल, तर त्या खऱ्याच आहेत. पण निवडतो कोण? चिंध्या होईपर्यंत नेसलेले लुगडे ही दुसरे लुगडे न मिळाल्याचीही गोष्ट आहे. ती चिठ्ठीवर येत नाही. लेकीला सासरी जाताना गोधडी मिळते, लेकाला शेत. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, देशाने २००५ साली. तरी हक्कसोडपत्रावर बहिणींच्याच सह्या होतात. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजात शेतकरी आत्महत्यांचे म्हणून जे सहा जिल्हे आले, त्यांत वाशिम होता. गेलेल्या माणसाचा सदरा बाई गोधडीत जोडू शकते. सातबाऱ्यावर स्वतःचे नाव जोडायला मात्र तिला तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात.

हे आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची काळ्या शेतकरी कुटुंबांची वस्ती आहे. तिथल्या बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतीवर चढल्या, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. २००७ मध्ये तिथल्या काही बायकांना आपल्या पैशाच्या हिशेबासाठी कोर्टात दावे लावावे लागले. पुढच्या वर्षी तडजोड झाली. त्याच भागातल्या बायकांनी १९६६ सालीच गोधड्यांची स्वतःची सहकारी संस्था काढली होती, हे कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत.

बचत गटांनी गोधड्या विकू नयेत, असे मी म्हणत नाही. जरूर विकाव्यात. पण किती दुपारी लागल्या ते वहीत लिहावे, शेतमजुरीच्या किमान वेतनाने गुणावे, दोरा-कापड धरावे आणि मगच भाव बोलावा. चिठ्ठीवर नाव शिवणारणीचे असावे, तिला विचारून. गोष्ट सांगायची की पोटात ठेवायची, ते तिचे तिने ठरवावे. आणि पुढच्या शिबिराला येताना गोधडीबरोबर घरच्या सातबाऱ्याचा उताराही आणा.