‘वाघ दिसेल का?’ हा प्रश्नच चुकीचा

आपल्या मंडळाच्या वार्षिक सहलीसाठी राष्ट्रीय उद्यानाचे नाव निघाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘वाघ दिसेल का?’ पाठोपाठ दुसरा: ‘किती फेऱ्यांत?’ जंगल कोणते, त्यातून कोणती नदी वाहते, तेथे पूर्वी कोण राहत होते, या प्रश्नांवर चर्चा पोहोचतच नाही. सहलीचे सारे नियोजन वाघाच्या हजेरीवर बेतले जाते. या वृत्तीला माझा स्पष्ट विरोध आहे.

अशा नियोजनाचे फळ काय मिळते ते आपण पाहिलेच आहे. चार दिवसांत पेंच, कान्हा आणि बांधवगड. पहाटे जिप्सीत बसायचे, चालकाला बक्षिसीचे आमिष दाखवायचे आणि वाघाची कुणकुण लागताच तिकडे धाव घ्यायची. तेथे आधीच दहा-बारा गाड्या आडव्यातिडव्या उभ्या असतात. वाघ दिसला तर पाच मिनिटांचा जल्लोष, नाही दिसला तर ‘पैसे वाया गेले’ हा शेरा. २०२२च्या गणनेत मध्यप्रदेशात ७८५ वाघ नोंदले गेले, देशात सर्वांत जास्त. तरीही वाघ कोणाच्या आरक्षणाला बांधील नाही, हे त्याचे मोठेपण आहे. आपण मात्र ती त्रुटी समजतो.

इंदूरकरांना जवळचे असूनही उपेक्षित राहिलेले सातपुडा राष्ट्रीय उद्यान घ्या. स्थापना १९८१ची. पचमढी आणि बोरी ही अभयारण्ये त्याला लागून आहेत, आणि तिन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प होतो. इटारसी-जबलपूर लोहमार्गावर सोहागपूरला उतरायचे, तेथून सुमारे वीस किलोमीटरवर मढई. तवा धरणाच्या फुगवट्याने रुंदावलेली देनवा नावेतून ओलांडली की उद्यान सुरू होते. सागाचे आणि सालाचे अरण्य एकमेकांना भेटते ते याच डोंगरांत. येथे गवे आहेत, अस्वले आहेत, महाराष्ट्राने राज्यप्राणी मानलेला शेकरू आहे, आणि २०१५पासून कान्ह्याहून आणून सोडलेले बारशिंगेही आहेत. ठरावीक भागांत परवानगी काढून, वाटाड्या बरोबर घेऊन पायी हिंडता येते. तरीही आमच्या बैठकीत हे नाव मागे पडले. कारण एकच: ‘तेथे वाघाची खात्री नाही.’

आता थोडे कटू बोलतो. मढईच्या पलीकडे आज जी हिरवी कुरणे दिसतात, त्यांपैकी काहींच्या जागी कालपर्यंत गावे होती. धाईं, बोरी, साकोट ही नावे किती सदस्यांनी ऐकली आहेत? अरण्य निर्वेध राहावे म्हणून गोंड आणि कोरकू कुटुंबांनी घरे, शेते आणि देवांची ठाणी सोडली. २००८पासून अशा पुनर्वसनासाठी कुटुंबामागे दहा लाख रुपये ठरले, २०२१मध्ये ते पंधरा लाख झाले. रक्कम कागदावर सुटसुटीत दिसते. शासकीय सेवेत असताना विस्थापितांच्या अशा काही याद्यांवर मीही सही केली आहे. नावापुढच्या रकान्यात घर कच्चे की पक्के, एवढेच लिहायचे होते. अंगणातल्या मोहाला रकाना नव्हता.

ज्या शांततेसाठी त्यांनी गाव सोडले, त्या शांततेत आपण आरडाओरडा करत शिरावे काय?

हे ऋण आपल्यावर तर अधिकच आहे. १८१८मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटलेल्या नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांना याच महादेव डोंगरांत गोंडांनी आश्रय दिला. १८५८मध्ये नर्मदा ओलांडून आलेले तात्या टोपे याच मुलखातून गेले. जयंत्या-पुण्यतिथ्यांना आपण या पुरुषांची भाषणे करतो आणि त्यांना थारा देणाऱ्या अरण्याला करमणुकीचे मैदान समजतो.

पर्यटनामुळे स्थानिकांना रोजगार मिळतो, हे मला मान्य आहे. म्हणूनच जाऊ नका, असे मी म्हणत नाही. रीतीने जा, असे म्हणतो. तीन उद्याने नकोत, एकच पुरे, आणि मुक्काम तीन रात्रींचा असावा. गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते आणि बुधवारी दुपारची फेरी नसते, हे आरक्षणापूर्वीच पाहावे. गाडीची फेरी एक किंवा दोनच. उरलेला वेळ पायी वा नावेत. चालकाला घाई करू नये. वाटाड्या तेथलाच घ्यावा आणि त्याला वाघाआधी झाडांची नावे विचारावीत. ‘या वयात पायी कसे जमेल?’ असे विचारणाऱ्या ज्येष्ठांनी देनवेच्या काठी तासभर नुसते बसावे. पाण्यावरचे पक्षी पाहायला गुडघे लागत नाहीत.

सहलीचा ठराव पुन्हा बैठकीपुढे येईल, तेव्हा ‘वाघ दिसेल का?’ हा प्रश्न कार्यसूचीवरून काढून टाकावा, अशी माझी सूचना आहे. त्या जागी ‘आपण कोणाच्या घरी जात आहोत?’ हा प्रश्न घ्यावा. त्याचे उत्तर ठाऊक झाल्याशिवाय तिकिटे काढू नयेत.