कोकोचा डबा आणि डाळिंबाची साल

ज्यांची उभी हयात यंत्रमागाच्या खडखडाटात गेली आणि ज्यांना गेली काही वर्षे रक्तदाबाची गोळी रोज सकाळी नेमाने घ्यावी लागते, असे आमच्या शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ परवा मंगळवार पेठेतून बाजारहाट करून परतले, ते पिशवीत कोकोचा एक डबा घेऊनच. ही शुद्ध नैसर्गिक वनौषधी आहे, दोन वेळा दुधातून घेतली की गोळीची गरज उरणार नाही, असे विक्रेत्याने त्यांना बजावले होते. मी डबा उलटा करून मागची बारीक अक्षरे वाचली. घटकद्रव्ये वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावीत असा कायदा आहे, आणि त्या यादीत पहिले नाव साखरेचे होते.

कोको गुणहीन आहे, असे मी म्हणणार नाही. पनामाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर राहणाऱ्या, कोको भरपूर पिणाऱ्या कुना लोकांचा रक्तदाब वयोमानाने वाढत नाही, पण तेच लोक शहरात जाऊन राहिले की वाढतो, असे हॉलेनबर्ग या अमेरिकन संशोधकाला आढळले, आणि तेव्हापासून कोकोतील फ्लॅव्हेनॉल या द्रव्यांकडे वैद्यकाचे लक्ष वेधले गेले. पुढे अमेरिकेत 21,442 वृद्ध स्त्रीपुरुषांवर झालेल्या आणि 2022 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज 500 मिलिग्रॅम फ्लॅव्हेनॉल देण्यात आले. हृदयविकाराने होणारे मृत्यू त्यात 27 टक्क्यांनी कमी दिसले, परंतु ज्या मुख्य प्रश्नासाठी चाचणी योजिली होती, म्हणजे हृदय व रक्तवाहिन्यांच्या एकंदर विकारांची संख्या घटते काय, त्याचे उत्तर निर्णायक आले नाही. शिवाय ते फ्लॅव्हेनॉल अर्क काढून कुपीत भरलेले होते, साखरेच्या डब्यातले नव्हे. कोकोच्या बिया आंबविल्या, वाळविल्या आणि भाजल्या जातात तेव्हा हे द्रव्य टप्प्याटप्प्याने घटत जाते, आणि कडवटपणा मारून रंग गडद करण्यासाठी क्षाराची प्रक्रिया केली की उरलेल्यातलेही बरेचसे नाहीसे होते. जी चव आपणांस मधुर वाटते, ती बहुधा गुण गमावून आलेली असते.

रक्तदाब, मधुमेह, हृदयरोग बरे करण्याच्या जाहिरातींना आपल्या देशात 1954 च्या कायद्याने मनाई आहे. पण दुकानदाराच्या तोंडच्या शब्दाला दस्तऐवज नसतो, आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द ऐकला की आपली विवेकबुद्धी निःशंक होते, याचे मला मनापासून दुःख वाटते.

विशेषतः सोलापुरात. सांगोल्यापासून पंढरपूर-मंगळवेढ्यापर्यंत डाळिंबाच्या बागा पसरलेल्या, केगावला 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभे. आणि चरकाने ज्या दहा द्रव्यांना ‘हृद्य’, म्हणजे हृदयास हितकर, म्हटले, त्यांत दाडिमाचे, म्हणजे डाळिंबाचे, नाव आहेच. माझी आजी डाळिंबाची साल कधी टाकत नसे. सुपात पसरून ती गच्चीवर उन्हात वाळवी, चामड्यासारखी कडक झाली की खलबत्त्यात कुटी, वस्त्रगाळ करून बरणीत भरी, आणि घरात कोणाला जुलाब लागले की त्यातली चिमूटभर ताकातून देई. तोंड तुरट होई, डोळे मिटत. मात्र दोन दिवसांत उतार पडला नाही, किंवा ताप चढला, की बरणी फळीवर परत जाई आणि ती स्वतः डॉक्टरांना बोलावणे धाडी. कोणत्या विकारावर, किती मात्रेत, आणि कोठवर, हे तिन्ही तिला ठाऊक होते. डब्यावर यातले एकही छापलेले नव्हते.

कोको आवडत असेल तर अवश्य प्यावा. बिनसाखरेचा, बिनक्षाराचा, माफक, चहाकॉफीसारखे पेय म्हणून. मधुमेह्यांनी मात्र साखर घातलेल्या डब्यापासून दूर राहावे. आमच्या शेजाऱ्यांची गोळी सुटता सुटता राहिली. तेव्हा वाचकांना माझी कळकळीची विनंती अशी की, असा डबा हाती आला तर आधी तो उलटा करून यादीतले पहिले नाव वाचा, आणि आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून रक्तदाबाची गोळी एक दिवसही बंद करू नका.