फुकटच्या खोलीचे अर्थशास्त्र

अमेरिकेतील लास व्हेगास हे शहर पाहण्याचा योग काही महिन्यांपूर्वी प्रस्तुत लेखकास आला. कॅलिफोर्नियात अभियंता असलेला माझा भाचा दर दोन-तीन महिन्यांनी तेथील एका मोठ्या कॅसिनो-हॉटेलात दोन दिवस मुक्कामास जातो. या खेपेस त्याने मलाही बरोबर नेले. हॉटेल कसले, एखाद्या तालुक्याच्या गावाची वस्ती सहज सामावून घेईल अशी ती वास्तू होती. नोंदणीसाठी लांबलचक रांग लागली होती. परंतु भाच्याने खिशातील कार्ड दाखवताच आम्हाला वेगळ्या दालनात नेण्यात आले आणि जावयासारखे स्वागत झाले. “मामा, खोलीचा एक पैसाही द्यावा लागत नाही. मी इथला नेहमीचा आहे!” तो अभिमानाने म्हणाला.

फुकटचे ते पौष्टिक, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु अर्थशास्त्राच्या अध्यापकास ‘फुकट’ हा शब्द ऐकला की चैन पडत नाही. ही खोली कोणत्या हिशेबाने दिली गेली, याचा शोध मी त्या दोन दिवसांत घेतला.

तो हिशेब गूढ नाही. तेथील रूलेच्या चाकावर बहुधा ३८ घरे असतात: १ ते ३६ हे आकडे, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. आकडा बरोबर आला तर लावलेल्या एका डॉलरवर ३५ डॉलर मिळतात. न्याय्य दर मात्र ३७ असावयास हवा. या दोन डॉलरांच्या फरकात कॅसिनोचे सारे वैभव उभे आहे. दर १०० डॉलरांच्या पणावर सरासरी ५ डॉलर २६ सेंट मालकाच्या पेटीत जातात. समजा, एखादा गृहस्थ २५ डॉलरचा पण तासाला ४० वेळा याप्रमाणे चार तास लावतो. एकूण पण झाले ४,००० डॉलर आणि गणिताने येणारा तोटा सुमारे २१० डॉलर. या अपेक्षित तोट्याचा काही हिस्सा खोली, जेवण किंवा नाटकाची तिकिटे या रूपाने गिऱ्हाइकास परत केला जातो. कार्ड हे त्या मोजणीचे साधन होय.

यावर भाच्याने घेतलेला आक्षेप विचार करण्याजोगा होता. “गेल्या खेपेस मी चांगला जिंकलो होतो. तरीही त्यांनी या वेळी खोली दिलीच ना? मग ती माझ्या तोट्यातून आली असे कसे म्हणता?” परंतु खरी मेख येथेच आहे. त्या रात्री तो जिंकला की हरला, याला पेढी फारसे महत्त्व देत नाही. तो किती रक्कम किती वेळ लावत राहतो, एवढेच ती पाहते. एका रात्री दैव कोणालाही साथ देईल; वर्षाकाठी शंभर रात्रींत मात्र गणितच बोलते. खेळणारा आपल्या नशिबाचा हिशेब ठेवतो, पेढी त्याच्या सवयीचा ठेवते.

दुसरी गोष्ट खोलीच्या किमतीची. हॉटेलची खोली हा नाशवंत माल आहे. आज रिकामी राहिलेली खोली उद्यासाठी साठवून ठेवता येत नाही. म्हणून आडवारी रिकामी राहणारी खोली कोणास देण्याचा सीमांत खर्च म्हणजे साफसफाई आणि चादरींची धुलाई, एवढाच. पाहुणा मात्र तिची किंमत दरपत्रकावरून करतो. मालक देतो थोडे, पाहुण्यास मिळाल्यासारखे वाटते पुष्कळ. आणि उपकाराची फेड करावयास तो पुन्हा खाली टेबलापाशी जाऊन बसतो.

हा व्यवहार शास्त्रशुद्ध पायावर नेणाऱ्यांत गॅरी लव्हमन यांचे नाव अग्रभागी आहे. ते आमच्याच शास्त्राचे डॉक्टर. हार्वर्डमधील अध्यापन सोडून १९९८ साली ते हॅराज या कॅसिनो कंपनीत गेले. २००३ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी नमूद केले की, कंपनीच्या २६ टक्के गिऱ्हाइकांकडून ८२ टक्के उत्पन्न येत होते. हे गिऱ्हाईक म्हणजे उधळे धनिक नव्हेत. निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँकेतील अधिकारी, यंत्रकामगार अशी ती मध्यमवयीन, सरळमार्गी माणसे होती. शिक्षकांचा उल्लेख वाचून मी क्षणभर थबकलो, हे कबूल केले पाहिजे.

सज्ञान माणसाने स्वतःच्या कमाईतून चार पैसे मौजेसाठी खर्च केले तर कोणाचे काय गेले, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. प्रस्तुत लेखक सरसकट बंदीचा पुरस्कर्ता नाही. परंतु ग्राहकाचे स्वातंत्र्य किंमत ठाऊक असण्यावर अवलंबून असते. नेवाडा राज्यात स्लॉट यंत्रावर मालकाचा शेकडा वाटा लिहिलेला नसतो. भाच्याला येणाऱ्या निमंत्रणपत्रांत त्याची श्रेणी, गुण, मोफत रात्री यांची बारीकसारीक नोंद असते. त्याने वर्षभरात गमावलेला आकडा मात्र कोठेही नसतो. वर्षाचे जमा-खर्चाचे पत्रक मागितल्यास बहुतेक कॅसिनो देतात. भाच्याने ते कधी मागितले नव्हते. माझ्या आग्रहावरून त्याने मागविले. त्यातील आकडा त्याने मला सांगितला नाही, मीही विचारला नाही. परंतु त्या संध्याकाळी फोनवर तो फार थोडे बोलला.

हे दूरचे प्रकरण आहे, असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्राने १९७६ साली संमत केलेला कॅसिनोविषयक कायदा कधीच अंमलात आला नाही आणि २०२३ साली तो रद्दही झाला. पण गोव्याने १९९० च्या दशकात आपल्या कायद्यात दुरुस्त्या करून कॅसिनोंना वाट मोकळी करून दिली, आणि मुंबई-पुण्याची पुष्कळ मंडळी मांडवीच्या पात्रातील कॅसिनो-जहाजांवर जातात. तेथेही प्रवेशशुल्कातच जेवणखाण येते. ते ‘फुकट’ मिळाले, असे परतलेला माणूस सांगतो.

जेथे हा धंदा कायदेशीर आहे, तेथील शासनाने एक साधी अट घालावी. नेहमीच्या गिऱ्हाइकास धाडलेल्या प्रत्येक निमंत्रणावर, दिलेल्या सवलतींच्या शेजारी, त्याने मागील वर्षभरात गमावलेली निव्वळ रक्कम तितक्याच ठळक अक्षरांत छापावी. कार्डामुळे ती पेढीला ठाऊक असतेच. छपाईचा खर्च नगण्य आहे. ही अट मालकांना जाचक वाटली, तर ती का जाचक वाटते हे त्यांनी जाहीरपणे सांगावे.